आकडी, ब्रोमाइड आणि बंड्या

बंड्याची चौकशी करणारे फोन आता इतके झाले आहेत की प्रत्येकाला तीच गोष्ट नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकावी असं ठरवलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बंड्या हा आमचा बीगल. वय साडेचार वर्षं, वजन १३ किलो, स्वभाव खादाड. अडीच वर्षांचा असताना त्याला पहिल्यांदा फीट आली. तेव्हापासून रोज सकाळी सात आणि संध्याकाळी सात वाजता फिनोबार्बिटोनची गोळी, आणि आता काही आठवड्यांपासून रात्रीच्या जेवणात पोटॅशियम ब्रोमाइड.

तब्येतीचं बुलेटिन शेवटी देते, धीर धरा. त्याआधी थोडा इतिहास. (हे तुम्हाला अपेक्षितच असेल. ज्यांना इतिहासाचा कंटाळा आहे त्यांनी सरळ खाली जावं, मी रागावणार नाही.) झालं असं की डॉक्टरांनी दुसरं औषध लिहून दिलं आणि सवयीप्रमाणे मी त्याची कुंडली शोधायला बसले. पहिलं औषध निघालं १९१२ सालचं. दुसरं १८५७ सालचं! म्हणजे सत्तावन्नच्या बंडाच्या साली सापडलेलं औषध मी माझ्या कुत्र्याला देतेय. नाव बंड्या ठेवलं तेव्हा हा योग ठाऊक नव्हता :-)

आधी फीट म्हणजे नक्की काय होतं ते सांगते, कारण बऱ्याच जणांनी पाहिलेली नाही. बंड्या एकदम आडवा पडतो. पाय ताठ होतात, मग पोहल्यासारखे हलायला लागतात, जबडा चावत राहतो, तोंडाला फेस येतो, बऱ्याचदा शू होते. हे सगळं साधारण दीड मिनिट. मग उठतो आणि अर्धा तास घरभर फिरत राहतो, खुर्च्यांना धडकतो, मला ओळखत नाही. शेवटी ओळख पटते आणि मग जी भूक लागते ती विचारू नका. डॉक्टरांनी सांगितलेले नियम साधे आहेत. तोंडात हात घालायचा नाही (कुत्रा जीभ गिळत नाही, पण बोट चावू शकतो). आजूबाजूचं सामान बाजूला करायचं, दिवे मंद करायचे, घड्याळ लावायचं. पाच मिनिटांच्या पुढे गेली, किंवा चोवीस तासांत पुन्हा आली, तर लगेच दवाखाना.

पहिल्या वेळी आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका चप्पल घेऊन धावत आले होते. माणसाला हुंगवतात तशी कुत्र्यालाही हुंगवायची. शेजारच्या काकू कांदा फोडून घेऊन आल्या. दोघांचाही जीव तळमळत होता, मी कशाला हसू? पण नंतर विचार करताना लक्षात आलं की हे उपाय टिकून का राहिले असतील. फीट दीड-दोन मिनिटांत आपली आपणच थांबते. त्या क्षणी नाकाशी जे काही धरलेलं असेल त्याला श्रेय मिळतं. चप्पल, कांदा, अंगारा, काहीही. या रोगात कोणता उपाय खरा आणि कोणता नुसता वेळेवर हजर होता हे कळायला माणसाला फार वेळ लागला.

आपल्याकडे शब्द तरी किती आहेत. फीट, आकडी, फेफरं, मिरगी. आयुर्वेदात अपस्मार, म्हणजे स्मृती जाणं. चरकाने त्याचे वात, पित्त, कफ आणि तिन्ही दोषांचा मिळून असे चार प्रकार सांगितले. नटराजाच्या पायाखाली जो बुटका दबलेला असतो त्याचंही नाव अपस्मारच. एकीकडे वैद्याची यादी, दुसरीकडे पायाखाली तुडवलेला राक्षस. दोन्ही कल्पना शेजारी शेजारी सुखाने नांदल्या.

ग्रीकांकडे याला 'पवित्र रोग' म्हणत. देव अंगात येतो, देव शिक्षा करतो, वगैरे. इसवी सनापूर्वी सुमारे ४०० च्या आसपास हिपोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका वैद्याने यावर एक छोटा ग्रंथ लिहिला आणि ठणकावलं की यात पवित्र-बिवित्र काही नाही, इतर रोगांसारखाच हा रोग, आणि त्याचं मूळ मेंदूत आहे. आता पुरावा काय दिला असेल? बकरीचा! त्याचं म्हणणं असं की हा रोग बकऱ्यांना फार होतो. अशा बकरीचं डोकं फोडून पाहा, आत मेंदू पाण्याने भरलेला आणि घाण वासाचा आढळेल. मग सांगा, देवाने केलं की रोगाने? (त्या बकऱ्यांच्या मेंदूत बहुधा फीतकृमीची गाठ असावी, पण ते असो.) मला हा युक्तिवाद फार आवडला. माणसाच्या फीटमधून देव बाहेर काढायला एका जनावराची फीट लागली. माणसाकडे बघताना आपल्याला पाप, शाप, पूर्वजन्म असलं सगळं सुचतं. बकरी कसलं पाप करणार?

पण वैद्याचं ऐकतो कोण. पुढची दोन हजार वर्षं मी सोडून देते, कारण त्यात उपयोगी पडेल असं एकही औषध नाही.

तर १८५७, मे महिना. इकडे मेरठची पलटण उठली त्याच महिन्यात तिकडे लंडनमध्ये डॉक्टरांच्या एका सभेत फेफऱ्याच्या बावन्न रुग्णांवरचा निबंध वाचला गेला. अध्यक्षस्थानी सर चार्ल्स लोकॉक, व्हिक्टोरिया राणीचे प्रसूतितज्ज्ञ. निबंधावर बोलताना लोकॉकसाहेबांनी सहज सांगितलं की मासिक पाळीच्या सुमारास फिट्स येणाऱ्या बायकांना मी पोटॅशियम ब्रोमाइड देऊन पाहिलं, चौदा-पंधरा जणींपैकी एक सोडून सगळ्यांना गुण आला. हे त्यांना सुचलं कसं? त्यांनी कुठल्याशा जर्मन माणसाचा अनुभव वाचला होता. त्याने ब्रोमाइड स्वतः घेऊन पाहिलं आणि काही दिवस त्याची कामवासनाच नाहीशी झाली. आणि त्या काळच्या भल्याभल्या डॉक्टरांची ठाम समजूत होती की फेफरं हे कामवासनेच्या अतिरेकातून येतं. झालं, एक आणि एक दोन. वासना कमी करा, फेफरं जाईल.

कारण साफ चुकीचं आणि औषध मात्र बरोबर! ब्रोमाइड हा मिठाचा चुलतभाऊ. मिठात क्लोराइड असतं, त्याच्या जागी ब्रोमाइड. मेंदूतल्या पेशींमध्ये क्लोराइडच्याच वाटेने ते शिरतं आणि पेशींची पेटून उठायची तयारी कमी करतं. वासनेचा काही संबंध नाही. पण हे कळायला शतक जावं लागलं, आणि तोवर औषध मात्र धो धो खपलं. लंडनच्या मज्जाविकारांच्या मोठ्या इस्पितळात १८७०च्या दशकात वर्षाला अडीच टनांच्या आसपास ब्रोमाइड लागत असे म्हणतात. फेफऱ्यावर खरोखर चालणारं माणसाच्या इतिहासातलं हे पहिलं औषध.

त्याची किंमतही होती. ब्रोमाइड शरीरात साठत जातं. जास्त झालं की माणूस सुस्त होतो, अडखळतो, भ्रम होतात, अंगावर पुरळ येतं. याला नावही पडलं, ब्रोमिझम. एव्हलिन वॉ या इंग्रज लेखकाला ब्रोमाइड आणि क्लोरल यांच्या मिश्रणाने आवाज ऐकू यायला लागले होते, आणि त्यावर त्याने १९५७ साली एक कादंबरीच लिहिली. म्हणजे लोकॉकच्या सभेनंतर बरोबर शंभर वर्षांनी.

या इतिहासात कुत्रा कुठे आहे, असं तुम्ही विचाराल. आहे. आणि जिथे आहे ते वाचताना बंड्या माझ्या पायावर डोकं ठेवून झोपला होता, त्यामुळे जरा अवघड गेलं. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रिट्श आणि हिट्झिग या दोघांनी कुत्र्यांच्या उघड्या मेंदूला विजेचा सौम्य प्रवाह लावून पाहिला. विद्यापीठात जागा मिळाली नाही म्हणून हे प्रयोग हिट्झिगच्या राहत्या घरी झाले. मेंदूच्या एका ठिपक्याला स्पर्श केला की पुढचा पाय हलतो, दुसऱ्या ठिपक्याला केला की मान. आणि काही कुत्र्यांना वीज बंद केल्यावरही झटके येत राहिले, एका भागात सुरू होऊन अंगभर पसरणारे. त्याच सुमारास लंडनमध्ये ह्यूलिंग्ज जॅक्सन हा डॉक्टर रुग्णांकडे नुसतं बारकाईने पाहून त्याच निष्कर्षाला येत होता. १८७३ साली त्याने लिहिलेल्या व्याख्येचा सारांश असा की मेंदूच्या करड्या भागातून अचानक, अवाजवी जोराने जो भडका उठतो ती फीट. आजही डॉक्टर मूलतः हेच सांगतात. म्हणजे फीट मेंदूच्या पृष्ठभागावर पेटते हे ज्ञान आपल्याला अर्धं माणसांनी दिलं आणि अर्धं त्या बर्लिनच्या घरातल्या अनाम कुत्र्यांनी. त्यांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत.

आता सकाळ-संध्याकाळच्या गोळीकडे येऊ. १९१२ साली बायर कंपनीने फिनोबार्बिटोन झोपेचं औषध म्हणून बाजारात आणलं. जर्मनीत फ्रायबुर्गला आल्फ्रेड हाउप्टमान नावाचा तिशीतला डॉक्टर फेफऱ्याच्या रुग्णांच्या वॉर्डाच्या वरच राहत असे. रात्री खाली रुग्णांना फिट्स येत, धडपड होई, याची झोपमोड. म्हणून त्याने रुग्णांना हे नवं औषध देऊन पाहिलं. ते शांत झोपले, हाही झोपला. पण हा माणूस तेवढ्यावर थांबला नाही. त्याने पाहिलं की औषध रात्री दिलं तरी दिवसाच्या फिट्सही कमी झाल्या आहेत. झोपेतून जागं झाल्यावरही काहीतरी काम करतंय. त्याच वर्षी त्याने ते छापून टाकलं. ब्रोमाइडपेक्षा कितीतरी सुसह्य असं औषध जगाला मिळालं.

पुढे तो हाले इथे प्राध्यापक झाला. ज्यू होता. १९३५ साली नाझी कायद्यांमुळे नोकरी गेली, १९३८ च्या नोव्हेंबरात पकडून डाखाऊच्या छळछावणीत टाकलं. सुटल्यावर देश सोडला, अमेरिकेत बॉस्टनला पोचला आणि १९४८ साली तिथेच वारला. फेफरं असणाऱ्या लोकांना नाझींनी काय केलं हे तुम्हाला माहीत असेलच: १९३३ च्या कायद्यात सक्तीच्या नसबंदीच्या रोगांत आनुवंशिक फेफऱ्याचं नाव होतं. आणि त्याच सरकारने त्यावरचं औषध शोधणाऱ्याला हाकललं.

नंतर माणसांसाठी पुष्कळ नवी औषधं आली. १९३८ मध्ये बॉस्टनच्या मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटोइन आणलं (मांजरांना विजेचे झटके देऊन पारखलेलं, पुन्हा जनावरच). मग कार्बामाझेपिन, व्हॅल्प्रोएट. माणसं ब्रोमाइडवरून उठून पुढे गेली. मग बंड्या अजून १८५७ मध्ये का अडकलाय? मी डॉक्टरांना हाच प्रश्न विचारला, जरा रागानेच. तर म्हणाले, कुत्र्याचं यकृत. माणसात फेनिटोइनचा निम्मा भाग जायला जवळजवळ दिवस लागतो, कुत्र्यात तो तीन-चार तासांत जातो. व्हॅल्प्रोएट तर त्याहून लवकर. म्हणजे दिवसभर दर दोन-तीन तासांनी गोळी द्यावी लागेल. औषध चांगलं, पण कुत्र्याच्या अंगी टिकत नाही. ब्रोमाइडचं उलट. त्याला यकृत हातच लावत नाही, ते मूत्रपिंडातून हळूहळू जातं. कुत्र्यात निम्मं व्हायलाच तीन-साडेतीन आठवडे लागतात. माणसांत ज्या चिवटपणामुळे ते बदनाम झालं, तोच चिवटपणा कुत्र्यांना उपयोगी पडला. १९८०च्या दशकात पशुवैद्यांनी हे जुनं औषध पुन्हा बाहेर काढलं. आणि २०२१ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कुत्र्यांसाठीच्या ब्रोमाइडच्या गोळ्यांना सशर्त मान्यता दिली. लोकॉकच्या सभेनंतर १६४ वर्षांनी!

(मांजरवाल्यांनो, हे तुमच्यासाठी नाही. मांजरांना ब्रोमाइडने फुप्फुसाचा गंभीर त्रास होतो.)

हे सगळं एक दिवस मी बाबांना सांगत होते. गोळीचं पाकीट त्यांच्या हातात होतं. त्यांनी चष्मा वर करून नाव वाचलं आणि म्हणाले, "गार्डेनाल? ही तर माईआत्याची गोळी."

माईआत्या म्हणजे आमच्या आजोबांची धाकटी बहीण. नात्यातल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. लग्न झालं नाही, आयुष्यभर भावाकडे राहिली, लोणची तिच्यासारखी कोणी घातली नाहीत. तिच्या उशाशी एक डबी असायची, आणि मुलांना सांगितलेलं होतं की ती झोपेची गोळी आहे. (हाउप्टमानच्या बाजारातली मूळ ओळख हीच, म्हणजे अगदीच खोटं नव्हतं.) तिला फिट्स येत हे बाबांना ठाऊक होतं, पण मोठ्यांनी कधी उच्चारलं नाही. आली की दार लावून घेत. तिला किती वर्षांनी, किती वेळा, किती मिनिटांची फीट येई, कशाने वाढे, कशाने कमी होई, काही कुठे लिहिलेलं नाही. मी बाबांना विचारलं, तिने स्वतः कधी काही सांगितलं का? ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आम्ही विचारलंच नाही ना."

त्यावर कुटुंबाला एकट्याने दोष देण्यात अर्थ नाही. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने असं घातलं गेलं की वेड किंवा फेफऱ्याचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहाला पात्र नाही. असं लग्न कोर्टातून रद्द ठरवून घेता येई. ब्रोमाइड येऊन शंभराहून जास्त वर्षं झाली होती, गार्डेनाल गावोगावच्या दुकानात मिळत होती, आणि तरी कायद्यात वेड आणि फेफरं एका ओळीत बसवले. १९९९ साली त्यातून फेफरं हा शब्द काढला. तेवीस वर्षं. माईआत्याची लग्नाची वयं त्याच्याही आधी निघून गेली होती, म्हणजे तिला अडवायला कायद्याचीही गरज पडली नाही.

बंड्याची मात्र वही आहे. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची, फ्रिजवर. तारीख, वेळ, किती मिनिटं, आधी काय करत होता, नंतर किती वेळ भांबावलेला होता. लिफ्टमध्ये भेटणारी शाळकरी मुलंही विचारतात, काकू, बंड्याला परत फीट आली का? आणि मी सांगते. कोणाला काही वाटत नाही. बाबा आता ती वही स्वतः भरतात, माझ्यापेक्षा नीट. मी काही विचारलेलं नाही.

आता कबूल केलेलं बुलेटिन. फिनोबार्बिटोनने पहिलं वर्ष छान गेलं, दोन-तीन महिन्यांतून एखादी फीट. मग ती दर तीन आठवड्यांवर आली. याचं एक कारण हे औषध यकृताला कामाला लावतं आणि यकृत मग औषधच लवकर संपवायला लागतं, त्यामुळे तोच डोस पुरेनासा होतो. म्हणून मधूनमधून रक्तातलं प्रमाण आणि यकृताची तपासणी करावी लागते. डोस वाढवला तर मागचे पाय लटपटायला लागले, शिवाय भूक आणि तहान अशी की पाण्याचं भांडं दिवसातून सहादा भरा. म्हणून ब्रोमाइडची जोड. आणि हो, कोणीतरी प्रेमाने सुचवलं होतं की आता बरं वाटतंय तर गोळ्या बंद करून बघ. तसं अजिबात करायचं नसतं. ही औषधं एकदम थांबवली तर न थांबणारी फीट येऊ शकते.

दिवाळीला घरी येणाऱ्या सर्वांना एक विनंती, आणि ही मी हात जोडून करतेय. बंड्याला चकली, शेव, खारे शेंगदाणे, वेफर, पापड यातलं काहीही देऊ नका, त्याने कसंही तोंड केलं तरी. ब्रोमाइड मिठाचा चुलतभाऊ आहे म्हटलं ना? मूत्रपिंडाला दोघांतला फरक नीट कळत नाही. एकदम जास्त मीठ पोटात गेलं की ते क्लोराइडबरोबर ब्रोमाइडही बाहेर टाकतं, आणि आठवडे खर्चून साठवलेलं औषध उतरतं. उलट एकदम अळणी केलं तर ब्रोमाइड साठत जाऊन हा झिंगल्यासारखा चालेल. म्हणून त्याचं जेवण रोज एकसारखं, तेच खाणं, तेवढंच. द्यायचंच असेल तर गाजराचा तुकडा द्या. तो मी मोजून ठेवलेला असतो.

शेवटची फीट बारा तारखेला, पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी, एक मिनिट पन्नास सेकंद. ब्रोमाइड रक्तात पुरेसं साठायला तीन महिने लागतात. आज सत्तेचाळिसावा दिवस आहे.